उसना ताप

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "टीचर, तुमच्या शालेत थर्मामीटर हाय का?"

मी तेव्हा लातूरकडून नुकतीच आले होते. हातात ट्रंक, पर्समध्ये नोकरीची ऑर्डर, आणि उत्तनजवळच्या पाली गावात राहायला जागा नाही. आधीच्या दोन घरांत मला लग्न कधी करणार, गावाकडे कोण कोण असतं, बोंबलाचा वास सोसेल का, असं सगळं विचारून झालं होतं. या माणसाने यातलं काहीच विचारलं नाही. मी विज्ञान शिकवते आणि शाळेच्या कपाटात थर्मामीटर आहे एवढं कळल्यावर त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. खोलीला खिडकी आहे की नाही हे मी दुसऱ्या दिवशी बघितलं.

पाली हे दर्यावर्दी ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. अरुंद गल्ल्या, दारात जाळी, अंगणात बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील. घरमालक एके काळी स्वतःच्या बोटीचे तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालायची. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बोट मुलाच्या हाती दिली आणि घरामागच्या तळ्यात मासे पाळायला लागले. गोड्या पाण्यातले. पालीत हे म्हणजे एखाद्या भटजीने कोंबड्या पाळण्यासारखं होतं. गोड्या पाण्यातल्या मासळीला गावाच्या लेखी चिखलाची किंमत. गावाने त्यांचं नाव टाकूनच दिलं आणि त्यांना 'गोडंपानी' म्हणायला सुरुवात केली. मी त्यांना अंकल म्हणायचे, त्यांच्या बायकोला आंटी.

थर्मामीटरचं कोडं मला आठवड्याभराने उलगडलं. माझ्या आधी कित्येक महिने ते घरातला तापाचा थर्मामीटर सुतळीला बांधून तळ्यात सोडत होते. तो पारा अंगाच्या तापाखाली काही दाखवतच नाही. त्यामुळे रोज सकाळी तो वर काढून बघायचे, पारा चढलेला नसायचा, आणि तळ्याची तब्येत ठणठणीत आहे असं समजून चहा प्यायला जायचे. मी हसू दाबत त्यांना समजावून सांगितलं. त्यांना अजिबात लाज वाटली नाही. उलट डोळे बारीक करून म्हणाले, "म्हंजे इतकं दिवस मी तल्याला माणूस समजलो!" मुख्याध्यापिकांना सांगून मी कपाटातला एक जुना, आकडे पुसट झालेला थर्मामीटर आणून दिला. त्या दिवसापासून मी भाडेकरू राहिले नाही, साथीदार झाले. मला विचारलं नव्हतं कोणी, पण झाले.

मग रोज पहाटे घरात आकाशवाणी. "तलाव तेवीस! इहीर सव्वीस! टीचरच्या आंघोलीचा पानी चालीस, गार वतू नका!" माझ्या बादलीत कोपर बुडवून बघायची त्यांना सवय होती. पहिल्यांदा मी चिडले. आंटी म्हणाल्या, "माज्या चहात पन घालतो कोपर, तू कनाला तोंड वाकडा करतंस?" थर्मामीटर आल्यावरही कोपर सुटलं नाही. ते म्हणायचे की काच आकडा सांगते, पण पाण्याचा स्वभाव कोपरालाच कळतो. कोणी विचारलं, मासे कसे आहेत, तर ते खेकसायचे, "पानी कसा हाय ते इचार. मासा कसा हाय ते मंग पानीच सांगल."

समुद्र सोडून हा नाद का, असं त्यांना जो तो विचारायचा आणि जो तो वेगळं उत्तर घेऊन जायचा. फादरना त्यांनी सांगितलं, गुडघे दुखतात. शेजाऱ्याला सांगितलं, पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की गावाला ताजी मासळी कोण देणार? हे उत्तर ऐकायला शहाणपणाचं होतं, म्हणून घरात तेच चालायचं. मला एकदा तळ्याच्या काठी बसल्या बसल्या तिसरंच सांगितलं.

"टीचर, सारी जिंदगी मासली मारली. पन मासा मना दिसला कवा? जाल्यात तडफडताना, नायतर मेल्यावर. जिता मासा दिवसभर करतो काय, ते मना ठावच न्हाय. एवढा मोठा तांडेल, आन् मासा काय करतो ते न्हाय ठाव!"

आमच्या मांजरा नदीचे मासे मी लहानपणापासून खात आले, पण हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. विज्ञान शिकवत होते मी, आणि तरी पडला नव्हता.

तळ्यात रोहू होते आणि सायप्रिनस नावाचा परदेशी वाणाचा, जाड ओठांचा मासा होता. त्यांचा जीव सायप्रिनसवर. त्यातल्या प्रत्येकाला ते चेहऱ्याने ओळखत असल्याचा दावा करत. मी कधी खोडून काढला नाही, कारण खोडून काढायला मला तरी कुठे ओळखू येत होते?

त्यांच्या मुलाबद्दल सांगायला हवं. तिशीचा, मेहनती, कमी बोलणारा. बोट तोच चालवायचा आणि घरही. त्या सुमारास भाईंदर-मीरारोडकडे दलदलीची खाजणं भरून इमारती उठत होत्या, मातीचे ट्रक दिवसरात्र फिरत होते, आणि त्याची हवा पालीपर्यंत पोचली होती. मुलाला तळं बुजवून तिथे जाळ्यांची खोली आणि वर भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. यात त्याची काही चूक होती असं मला वाटत नाही. बाप-लेकात भांडण असं कधी झालं नाही, बोलणंच बंद होत गेलं. शेवटी बापाने शब्द दिला. यंदा बोटी पावसाळ्यासाठी वर काढायच्या आत गावाने तळ्यातली मासळी चवीने खाल्ली, मागून नेली, तर तळं राहील. नाही तर भराव टाक, मी आडवा येणार नाही. तांडेलाचा शब्द म्हणजे मागे फिरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

आणि त्याच वर्षी थंडी पडली. आपल्याकडच्या मानाने चांगलीच पडली. जानेवारीत एका सकाळी घरात आकाशवाणी झालीच नाही. मी बाहेर जाऊन बघितलं तर अंकल काठावर उकिडवे बसलेले. सायप्रिनसच्या अंगावर, कल्ल्यांजवळ, परांवर पांढरट गुळगुळीत फोड आले होते. मेणबत्तीचं मेण गळून थिजावं तसे. रोहूंना काही नव्हतं.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत 'गोडंपान्याच्या मासलीला देवी आल्या' असं सगळीकडे झालं. आता ही मासळी कोण खाणार! मुलाने ठाण्याहून मत्स्य खात्याच्या माणसाला बोलावून आणलं. हा एक तरुण अधिकारी होता, बूट काढून पाण्यात उतरला, मासा हातात घेऊन नीट बघितला. म्हणाला, "हा विषाणूचा रोग दिसतोय. याला औषध नाही. माणसाला होत नाही, पण तुम्हाला झंझट नको असेल तर मासे काढून पुरून टाका, तळं सुकवा, चुना मारा."

मुलाने मान हलवली. त्याला हवं ते सरकारी तोंडातून आलं होतं. अंकलनी मात्र भलतंच विचारलं. "सायेब, आताच कनाला आला? पावसाल्यात न्हवता."

"थंडीत येतो हा. पाणी गार झालं की माशाची ताकद कमी पडते, विषाणू डोकं वर काढतो."

"मंग पानी तापला की?"

अधिकारी मोकळेपणाने म्हणाला, "जात असावा. पुस्तकात तसं आहे. पण इकडे कोणी तेवढं थांबलेलं मी बघितलं नाही. सगळे आधीच मासे काढून टाकतात."

एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. अंकलना पुढच्या महिन्यांपुरतं तेवढं बोलणं पुरलं.

दोनच दिवसांत त्यांनी मला शाळेतून आल्या आल्या काठावर ओढत नेलं. "बगा!" तळ्याच्या एका बाजूला पाणी उथळ होतं, जेमतेम पोटरीएवढं. दुपारच्या उन्हात फोड आलेले सायप्रिनस तिथे येऊन उभे होते. पाठ जवळजवळ पाण्याबाहेर. रोहू आपले खोलात. आम्ही थर्मामीटर आधी खोल पाण्यात सोडला, मग उथळ. उथळ पाणी चांगलंच उबदार होतं. अंकल माझ्याकडे असे बघत होते की जणू त्यांना खजिना सापडलाय.

"टीचर, आपल्याला बरा न्हाय वाटला तर आंग तापतो. माशाला सोताचा ताप न्हाय. त्याला ताप पान्याकडना उसना घेयाला लागतो. ते तां ताप घेयाला येतात!"

मी पुस्तकी माणूस. म्हटलं, अंकल, कदाचित नुसतं ऊन आवडत असेल. ते म्हणाले, मग निरोगी मासे का येत नाहीत? वर्गात मी मुलांना मासा शीतरक्ताचा असतो एवढं शिकवून पुढच्या धड्याकडे वळत होते. आता रात्री जेवताना मला तेच दिसत राहायचं, आजारी मासे उन्हात उभे असलेले.

तेव्हापासून घरात उन्हाची चोरी-मारी सुरू झाली. तळ्याच्या दक्षिणेला आंटींचे बोंबलाचे मांडव होते. ऐन हंगाम, बोंबील पडद्यासारखे दाट लटकलेले, त्यांची सावली बरोबर उथळ पाण्यावर. एका पहाटे अंकलनी एकट्याने दोन मांडव उचकटून घराच्या उत्तरेला नेले. आंटी उठून बघतात तर बोंबील सावलीत आणि आजारी मासे उन्हात! त्या दिवशी मी पहिल्यांदा कोळी बोलीतल्या शिव्यांची श्रीमंती ऐकली. "माजा बोंबील कुजल आन् तुज्या रोगट्यांना ऊन पायजे? तुलाच टांगते बांबूवर!" अंकल शांतपणे म्हणाले, "टांग. पन उत्तरेला टांग." शेवटी तोडगा निघाला, मांडव थोडे मागे सरले, आणि दोन्ही मासळ्यांना ऊन मिळालं.

पण खरा घोटाळा पुढे झाला. अंकल काही कामाला भाईंदरला गेले होते. आंटी बोलायच्या तिखट, पण नवरा जेवत नाही, नीट झोपत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी शेजारच्या बोटवाल्यांना विचारलं, काही करता येईल का? आता पालीतल्या माणसाला मासळी बिघडतेय म्हटल्यावर सुचणार काय? त्यांनी बोटीवर न्यायचा बर्फ आणला. फोडून, टोपल्या भरभरून, मोठ्या प्रेमाने तळ्यात ओतला. उथळ बाजूलाच ओतला, कारण आजारी मासे तिथे दिसत होते. मी शाळेत होते. असते तर अडवलं असतं असं म्हणते खरी, पण त्या वेळी त्या सगळ्यांचे चेहरे इतके भले होते की माझं कोणी ऐकलं असतं की नाही शंकाच आहे.

मी आणि अंकल साधारण एकाच वेळी पोचलो. तळ्यावर बर्फाचे गोळे तरंगताहेत, काठावर चार दर्यावर्दी समाधानाने हात पुसताहेत.

"बरफ टाकला गोडंपान्या," त्यातला वडीलधारा म्हणाला. "आता टिकल मासली."

अंकल कळवळून ओरडले, "मेलेली टिकते रे, बाबा! जिती न्हाय!"

मग अंकलनी सदरा काढला, पाण्यात उतरले आणि हाताने बर्फ गोळा करून टोपलीत भरू लागले. पाठोपाठ तो म्हाताराही उतरला, मग बाकीचे तिघं. तोंडं पडली होती त्यांची. निम्मा बर्फ हातात येण्याआधीच विरघळला. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

त्या संध्याकाळी अंकलना सडकून ताप भरला. आंटी गोळी घेऊन आल्या तर पांघरुणातून आवाज, "न्हाय घेनार. ताप कनाला घालवू? मना फुकट मिललाय. त्या माशांना इचार, ऊन शोधत फिरतात." त्यांचा हा सिद्धांत मी डॉक्टरांना सांगितला तेव्हा डॉक्टर म्हणाले की थोडं तथ्य आहे, पण म्हाताऱ्याला गोळी द्या. आंटींनी चहात कुस्करून दिली. ताप उतरला, आणि आपल्या शरीराने रोग कसा परतवला हे ते पुढे आठवडाभर मला ऐकवत राहिले. आंटी माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवायच्या.

या सगळ्या दिवसांत मुलाची एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पूर्वी तो पुढच्या अंगणात ब्रश करायचा. आता तोंडात ब्रश धरून मागे तळ्याकडे यायचा, बाप नसेल अशा वेळी. मी दिसले की लगेच नारळाकडे बघायला लागायचा.

होळी झाली, हवा बदलली. आकाशवाणीतले आकडे चढू लागले. सत्तावीस झालं, एकोणतीस झालं. फोड आधी मऊ पडले, मग त्यांचे कडेचे पापुद्रे सुटू लागले, आणि उन्हाळा अंगाला चटका देऊ लागला तोवर मासे साफ झाले. काही मेले होते, ते त्या बर्फानंतरच. बाकी सगळ्यांच्या खवल्यांवर पुन्हा चमक. अंकलना आनंद झाला होताच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. माशाच्या अंगावरून बोट फिरवत ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "गेला कुठं पन? गेला कुठं?"

ईस्टरनंतरच्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, त्यांनी गावाला जेवायला बोलावलं. दिलेल्या शब्दाची ही वेळ होती आणि गावालाही ते ठाऊक होतं. सगळ्यांसमोर तळ्यात जाळं फिरवलं. जन्मभर मासळी हाताळलेल्या त्या माणसांनी एकेक सायप्रिनस उलटापालटा करून बघितला, कल्ले उचकटले, वास घेतला. डाग नाही. सगळ्यात जास्त वेळ मुलगा बघत होता. आंटींनी चिंच आणि वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला घालून माशाची कढी केली. ताटं वाढली, पण घास कोणी उचलेना. साहजिकच होतं. आधी यजमानाने खायला हवं.

तेव्हा मला उमगलं की या माणसाने आजवर आपल्या तळ्यातला मासा चाखलेलाच नाही. मला द्यायचे, मी खायचे, छान आहे म्हणायचे, आणि त्यावर त्यांचं भागायचं. त्यांनी घास तोंडात घातला. चावला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं, मुलगा खाली मान घालून. एक शब्द पुरेसा होता. खोटा असला तरी चाललं असतं. माझ्या मनात मी ओरडत होते, म्हणा हो, म्हणून टाका!

अंकलनी घास गिळला.

"मासली साफ हाय," ते म्हणाले. "पन खरा सांगू? चव न्हाय."

हास्याचा एकच स्फोट झाला. मग सगळे जेवले, आंटींच्या कढीची तारीफ झाली, आणि मागून न्यायला कोणी थांबलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. भांडी उचलताना मी आपटलीही. आणि त्याच रागात मला हेही कळत होतं की या माणसाइतकं मला त्या गावात दुसरं कोणी आवडत नाही.

पुढच्या आठवड्यात मुरमाचा पहिला ट्रक आला आणि उथळ बाजूच्या काठावर रिकामा झाला. अंकल पायरीवर बसून होते. शब्द दिलेला, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं नाही. नजर मात्र पाण्यावरून हलत नव्हती. मी शाळेत जायला निघाले होते, पण तिथेच थांबले. ड्रायव्हर मुलाला विचारत होता, "बाकी का माल कब डालूँ, भाई?"

मुलगा ढिगाऱ्याजवळ उभा होता. तो बापाकडे वळला. कित्येक महिन्यांत त्याने बापाला हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"बाबा."

"हां."

"येत्या थंडीला परत येल काय तो रोग? ज्यांना आलता त्यांनाच येल, का नव्यांना?"

ज्याच्याकडे प्रत्येकासाठी वेगळं उत्तर तयार असायचं, त्या माणसाजवळ आज एकही नव्हतं.

"मना न्हाय ठाव," ते म्हणाले.

मुलाने काठाशी जाऊन पाण्यात वाकून बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "अभी मत लाओ. ठंडी के बाद देखेंगे." ड्रायव्हर कुरकुरत गेला. आलेला मुरूम परत कोण नेणार? त्या रविवारी मुलाने स्वतः फावडं घेतलं आणि तो सगळा ढीग उथळ बाजूच्या पुढे पाण्यात पसरून टाकला, म्हणजे ऊन लागणारी ती उथळ जागा आणखी मोठी झाली. बाप काठावरून सूचना देत होता आणि त्याने त्या एकदाही ऐकल्या नाहीत.

डिसेंबर सरता सरता एका सकाळी माझ्या दारावर धडाधड थापा पडल्या. मुलगा होता, ओल्या पायांनी, धापा टाकत. घरात मूल जन्मल्यावर सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "टीचर, आला! रोग परत आला! जुन्यांना पन आलाय, पन थोडा, लई थोडा!" मी शाल गुंडाळून मागे गेले तर अंकल आधीच उथळ पाण्याशी उकिडवे, नाक जवळजवळ पाण्याला टेकलेलं. मुलगा मला विसरला. धावत गेला आणि बापाच्या खांद्याला खांदा घासत तिथेच बसायला लागला.

"बाबा, सरका जरा."

अंकल सरकले.